दोनवर कोण? काचीगुड्यातल्या साध्या फोनची हकिकत



आपल्या हैदराबादी मराठी माणसांच्या आठवणी निघाल्या की रेल्वे येते, विवेकवर्धिनी येते, इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथसंग्रहालय येतं, निजामाचा काळ तर येतोच येतो. टेलिफोन मात्र कुणाला आठवत नाही. मला आठवतो, कारण आमचं घर त्याच्यावर चाललं. काचीगुड्यात आधी एसटीडी बूथ आणि मग मोबाईलचं दुकान, अशी तीसेक वर्षं मी लोकांना फोन लावून देतोय, निवडून देतोय, समजावून देतोय. ज्याला यंत्रातलं काही कळत नाही त्याच्यासाठी फोन कसा असावा, यावर मोठमोठ्या कंपन्यांनी डोकं लढवलं. थोडंसं आमच्या गल्लीनंही लढवलं. कंपन्यांचं लिहून ठेवलेलं सापडतं, गल्लीचं सापडत नाही. म्हणून हा प्रपंच. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

काचीगुडा स्टेशनची इमारत १९१६ सालची. इथून मनमाडकडे जाणारी जुनी मीटरगेज लाइन निजामाबाद, नांदेड, परभणी, औरंगाबाद करत जायची, त्यामुळे आमच्याकडे मराठवाड्यातली माणसं पिढ्यान्पिढ्या येत राहिली. कुणी रेल्वेत, कुणी शिक्षक, कुणी कचेरीत. अर्धं कुटुंब इथं, अर्धं तिकडे. एसटीडी बूथला याहून चांगली जागा कुठली मिळणार?

आमचा बूथ १९९१ चा. माझ्या धाकट्या काकांचा एक पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला, आणि त्या काळी पीसीओ देताना अपंगांना प्राधान्य होतं. पिवळी पाटी, काचेची खोली, आत लाल आकड्यांचं मीटर, बाहेर काकांचं टेबल. गिऱ्हाईक काय करायचं? खिशातून एक चुरगळलेली चिठ्ठी काढून काकांपुढं ठेवायचं. काका आकडे फिरवायचे, पलीकडं घंटी वाजली की "जा आत" म्हणायचे. बोलून झालं की पट्टी छापून यायची, पैसे द्यायचे. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून अकराला रांग लागायची आणि त्या रांगेत अख्ख्या गल्लीच्या बातम्या कळायच्या.

आज वाटतं, अडाण्यातल्या अडाण्याला वापरता येईल असा फोन हाच होता. त्यात शिकायचं काहीच नव्हतं. जे काही अवघड होतं, म्हणजे कोड कुठला, शून्य लावायचं की नाही, लाइन एंगेज आहे की मेलेली, ते सगळं टेबलापलीकडच्या माणसाच्या डोक्यात. गिऱ्हाइकानं फक्त बोलायचं. यामागे सॅम पित्रोदा आणि १९८४ मध्ये सुरू झालेलं सी-डॉट होतं हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. त्यांचं खेड्यांसाठीचं १२८ लाइनींचं एक्स्चेंज पहिल्यांदा १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं, आणि ते एअरकंडिशनशिवाय चालायचं. माझ्या मते त्यांचं खरं डोकं तिथं दिसतं. धूळ, ऊन, वीज नाही, हे धरूनच चालायचं. परदेशातलं नाजूक यंत्र आणून त्याच्यासाठी गारव्याची खोली बांधायची नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं पुन्हा येणार आहे.

आता एक आडकथा. कॅल्क्युलेटरवर ७-८-९ वर असतात आणि फोनवर १-२-३ वर असतात, हे कधी बघितलंय? बूथमध्ये हिशेब करताना काकांची बोटं रोज चुकायची म्हणून माझ्या ध्यानात आलं. अमेरिकेत बेल लॅब्जनं बटणांचा फोन आणण्याआधी माणसं बसवून वेगवेगळ्या मांडण्यांवर आकडे दाबायला लावले; वेळ मोजला, चुका मोजल्या, कुठली मांडणी आवडते तेही विचारलं. ते सगळं १९६० मध्ये छापून आलं आणि १९६३ मध्ये बटणांचा फोन बाजारात आला. म्हणजे सामान्य माणसाला विचारून फोन बनवायचा, हा विचार मोबाईलच्या कितीतरी आधीचा. फक्त त्यांनी ज्यांना विचारलं त्यांना आकडे आणि अक्षरं दोन्ही वाचता येत होती. आमच्याकडच्या निम्म्या गिऱ्हाइकांना आकडे यायचे, इंग्रजी अक्षरं यायची नाहीत. सगळा घोळ पुढं इथंच झाला.

मोबाईल आला ३१ जुलै १९९५ ला. कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना पहिला फोन केला. आंध्रात थोड्या काळानं टाटा सेल्युलर आणि जेटीएम ही दोन नावं ऐकू यायला लागली. पण मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर, आणि आलेल्या कॉललाही पैसे! काचीगुड्यात तेव्हा मोबाईल एखाद्या बिल्डरकडं नाहीतर डॉक्टरकडं दिसायचा. काका निर्धास्त होते. "हे श्रीमंताचं खूळ आहे," म्हणायचे.

२००३ मध्ये दोन गोष्टी एका वर्षात झाल्या. मे महिन्यापासून इनकमिंग फुकट झालं, आणि त्याच वर्षाच्या शेवटाकडं नोकिया ११०० आला. आमचा बूथ त्या दोघांनी मिळून बंद पाडला. पण राग नाही, कारण पुढची दहा वर्षं त्याच फोननं आमचं पोट भरलं.

त्या फोनबद्दल जरा सविस्तर सांगतो. बल्गेरियात जन्मलेल्या दिमित्रे मेहान्द्झिस्की नावाच्या डिझायनरनं तो अमेरिकेत बसून आखला, पण डोळ्यांसमोर आपल्यासारखे देश होते. बटणांवर एकसंध रबराची चादर, म्हणजे फटीतून धूळ आत जात नाही. बाजू खडबडीत, घामट हातातून निसटत नाही. आणि डोक्यावर टॉर्च. बॅटरी दिवसच्या दिवस चालायची. हैदराबादचा उन्हाळा आणि लाइट जाण्याच्या वेळा ज्यांना आठवतात त्यांना टॉर्चचं महत्त्व सांगायला नको. कित्येक बायकांनी तो फोन टॉर्चसाठी घेतला आणि फोन वरकड म्हणून वापरला, असं मी हसत सांगत असतो, पण ते पुष्कळसं खरं आहे. जगभरात या एका मॉडेलचे पंचवीस कोटींहून जास्त फोन विकले गेले. कित्तूरच्या एक्स्चेंजसारखंच इथंही होतं, धूळ आणि अंधार धरूनच आखणी केलेली.

आणखी एक. त्याच्यावर हिरवं-लाल बटण नव्हतंच! मधे एकच मोठं बटण. पडद्यावर त्या बटणाच्या वर जो शब्द दिसेल ते काम ते बटण करणार. ही युक्ती नोकियात ख्रिश्चन लिंडहोम नावाच्या माणसानं काढली आणि १९९७ पासून त्यांच्या फोनांत आली. शब्द इंग्रजीत, तरी चालून गेलं. कारण फोन वाजला की तेच दाबायचं, बोलणं संपलं की तेच दाबायचं. वाचायची गरजच नाही.

चप्पल बाजारात आमच्या ओळखीच्या एक काकू होत्या. मूळच्या परभणीकडच्या, नवरा रेल्वेतला, लवकर गेला. त्या पोळी-भाजीचे डबे करायच्या. मुलगी पुण्याला दिलेली, मुलगा आधी बंगळुरूला आणि नंतर अमेरिकेत. काकूंना मराठी वाचायला उत्तम यायचं, संग्रहालयातून कादंबऱ्या आणायच्या, वाचून परत करताना त्यावर मतही द्यायच्या. इंग्रजी मात्र एक अक्षर नाही. यंत्र म्हटलं की "मला नको रे बाबा ते" हे ठरलेलं. मुलानं पैसे पाठवून ११०० घ्यायला लावला आणि शिकवायचं काम माझ्याकडं आलं.

फोन घ्यायचा कसा, ठेवायचा कसा, हे त्या पाच मिनिटांत शिकल्या. अडलं ते नावांच्या यादीत. तेव्हाच्या सगळ्याच फोनांत नावं इंग्रजीत आणि ए-बी-सी-डीच्या क्रमानं. काकूंना ती वाचता येत नव्हती, म्हणून त्यांनी जागा पाठ केल्या. वरून पहिला भाऊ, तिसरी मुलगी, पाचवा वाणी. छान चाललं होतं. मग एका शेजाऱ्यानं प्रेमानं स्वतःचा नंबर त्यात घालून दिला. त्याचं नाव ए वरून. सगळी यादी एक घर खाली सरकली! दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी लेकीला म्हणून फोन लावला तो भलत्याच घरात लागला, आणि पुढचे चार दिवस त्यांनी फोनला हात लावला नाही.

ही गोष्ट मी बारकाईनं सांगतोय, कारण पुढं नोकियाच्याच लोकांनी जगभर फिरून न वाचणाऱ्या माणसांचा अभ्यास केला. त्यात जॅन चिपचेस नावाचा संशोधक होता. त्यांच्याही हे ध्यानात आलं की नंबर डायल करणं आणि उचलणं माणसं सहज शिकतात, गाडी अडते ती यादीशी आणि मेसेजशी. आणि अशा वेळी ती आसपासच्या वाचणाऱ्या माणसाला धरतात. २००७ च्या नोकिया १२०० मध्ये एका फोनात पाच वेगवेगळ्या नंबरवह्या ठेवता यायच्या, घरातली किंवा गल्लीतली चार माणसं एकच फोन वापरतात म्हणून. किती मिनिटं बोलायचं त्याची मर्यादाही घालता यायची. ज्यानं हे सुचवलं तो नक्की कुठल्यातरी आपल्यासारख्या बूथमध्ये बसून गेला असणार.

काकूंच्या फोनवर मी मग यादीचा नादच सोडला. एक आकडा दाबून धरला की ठरलेला नंबर लागतो, ती सोय केली. एक नंबरचं बटण व्हॉइसमेलसाठी अडकलेलं असायचं, म्हणून सुरुवात दोनपासून. दोन ते नऊ, आठ माणसं. भिंतीवर कॅलेंडरशेजारी कागद चिकटवला : दोन अमुक, तीन तमुक, मोठ्या देवनागरी अक्षरांत. हा उपाय गल्लीत इतका पसरला की मी दुकानात कागद छापूनच ठेवले, नुसती नावं भरायची.

दोनवर कोण, यावरून मात्र प्रत्येक घरात चर्चा व्हायची. बहुतेकांना थोरल्या मुलाचा मान. मी काकूंचं तेच करायला घेतलं तर म्हणाल्या, "अरे, काय करायलास? तो तिकडं सातासमुद्रापार. रात्री मला काही झालं तर तो विमानात बसेस्तोवर मी काय कपाळ धरून बसू? दोनवर वरच्या मजल्यावरची वहिनी टाक." दोनवर शेजारीण, तीनवर डॉक्टर, चारवर लेक, पाचवर मुलगा. मुलाला वाईट वाटलं असेल, पण त्यानंतर मी प्रत्येक म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला हेच विचारतो : जवळचं कोण, ते आधी सांगा.

मिस्ड कॉलची भाषा तुम्हाला सगळ्यांना आठवत असेलच. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू फोन कर, डबा तयार असला की एक रिंग. कुणी शिकवलं? कुणीच नाही. पैसे वाचवायला लोकांनी काढलेली ती भाषा, आणि ती यायला अक्षरओळख लागत नव्हती.

मग आला २५ ऑगस्ट २००७. शनिवार, संध्याकाळ. तीन दिवसांवर राखी पौर्णिमा, म्हणून सुलतान बाजार, बडी चौडी, कोठी सगळीकडं तोबा गर्दी. पावणेआठच्या सुमाराला लुंबिनी पार्कमध्ये स्फोट झाला आणि काही मिनिटांत कोठीच्या गोकुळ चाटमध्ये दुसरा. चाळीसहून जास्त माणसं गेली. काचीगुड्यापासून कोठी किती? जेमतेम दीड-दोन किलोमीटर. आपल्यातलं असं एक घर नसेल की ज्यांनी गोकुळमध्ये कधी चाट खाल्ली नाही. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीतली निम्मी घरं राखीच्या खरेदीला बाहेर होती.

फोन लागेनात. सगळं शहर एकाच वेळी नंबर लावत होतं. दोन दाबा, तीन दाबा, नुसतं टूं टूं. मिस्ड कॉलही जाईना. अधूनमधून जायचे ते मेसेज, अर्ध्या-पाऊण तासानं. ज्या पोराबाळांना जमलं त्यांनी घरी मेसेज टाकले. ते घरी पोचले, म्हणजे फोन एकदा थरथरला आणि पडद्यावर पाकीट दिसलं.

आणि मग ती माणसं माझ्या दुकानात यायला लागली. हातात फोन, पडद्यावर पाकीट. "भाऊ, हे बघ रे काय आलंय." मी दुकान बंद करायच्या घाईत होतो, शटर अर्धं खाली होतं. नऊ वाजेपर्यंत पंधरा-वीस माणसं येऊन गेली असतील. एक रेल्वेतले निवृत्त आजोबा आले, हात इतका कापत होता की फोन मीच काढून घेतला. इंग्रजी अक्षरांत मराठी : आम्ही सुखरूप आहोत, काळजी करू नका. मी मोठ्यानं वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. एका मावशींचं पाकीट उघडलं तर रिंगटोनची जाहिरात. त्या तशाच उभ्या राहिल्या, मला काय बोलावं सुचेना. त्यांचा मुलगा रात्री साडेदहाला चालत घरी आला.

काकूही आल्या. त्यांची लेक त्या आठवड्यात राखीसाठी पुण्याहून आलेली होती आणि वहिनीबरोबर सुलतान बाजारात गेली होती. त्यांच्या फोनातलं पाकीट पाऊण तास आधीचं. पाऊण तास ते हातात धरून त्या घरी बसल्या होत्या. वरच्या मजल्यावरची, म्हणजे दोनवरची बाई स्वतःच बाहेर गेलेली. लेकीनं आईला समजावं म्हणून मेसेज देवनागरीत लिहिला होता, आणि तो फोनवर नुसते चौकोन होऊन उमटला होता. तेव्हा कितीतरी हँडसेटवर देवनागरी असंच दिसायचं. मलाही वाचता येईना. मी म्हटलं, "काकू, नंबर तिचाच आहे आणि वेळ सव्वाआठची आहे. म्हणजे स्फोटानंतर तिनं पाठवलंय." एवढ्यावर त्या खुर्चीत बसल्या आणि पाणी मागितलं.

लेक आणि वहिनी दोघी सुखरूप परतल्या. पण मला त्या दिवशी उमगलं ते असं की आम्ही ज्याला सोपा फोन म्हणत होतो तो बोलण्यापुरता सोपा होता. वाचण्याच्या बाजूनं तो पक्का बंद होता, आणि तेही उत्तम मराठी वाचणाऱ्या बाईला. त्यात तिचं काय कमी होतं? तिची लिपीच फोनात नव्हती. मेनू हिंदीत करता यायचे, नोकियानं तर २००० च्या सुमारालाच हिंदी आणली होती, पण एका फोनातून गेलेलं देवनागरी दुसऱ्यात नीट उमटेलच याची हमी नव्हती. पुढं सरकारनं नियम केला की भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनवर, साध्यासुध्यासुद्धा, बावीसही भाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे. तो प्रत्यक्षात येईस्तोवर २०१७-१८ उजाडलं. दहा वर्षं!

मधल्या काळात खास ज्येष्ठांसाठी फोन निघाले. जपानमध्ये फुजित्सुचा राकु-राकु २००१ पासून होता, अमेरिकेत २००६ मध्ये जिटरबग आला. आपल्याकडं मुंबईच्या आयबॉलनं २०१० च्या सुमाराला 'आसान' काढला. मोठाले आकडे, दाबलेला आकडा बोलून दाखवणारा आवाज, मागं एसओएसचं बटण. मला ते फोन आवडायचे. विकले जायचे मात्र मुलांच्या हातून. म्हातारी माणसं स्वतः येऊन कधी मागायची नाहीत. एका आजोबांनी तर मुलाच्या तोंडावर डबा परत सरकवला : "मी काय आजारी आहे का?" मोठा आकडा हवा, पण म्हाताऱ्याचा फोन म्हणून ओळखू यायला नको. आसानला नाव ठेवायची माझी इच्छा नाही. पण चष्म्याची फ्रेम निवडायला माणूस अर्धा तास लावतो, त्याच माणसानं फोन मात्र औषधासारखा गपचूप घ्यावा, असं आपण का धरून चालतो? त्या आजोबांना मी साधाच फोन दिला, आकडे मोठे असलेला, आणि ते खूश होऊन गेले.

एसओएसचं पुढं सरकारनं सगळ्यांनाच दिलं. २०१६ च्या नियमाप्रमाणं साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरलं की आपत्कालीन कॉल लागायला हवा. आता गंमत बघा. आमच्या भिंतीवरच्या कागदांवर पाचवर आणि नऊवर माणसं बसलेली! मला कितीतरी घरी जाऊन ती हलवावी लागली. काकूंचा मुलगा पाचवरून सहावर गेला.

२०१७ मध्ये जिओफोन आला, पंधराशे रुपये अनामतीवर. दिसायला बटणांचा, पण आत इंटरनेट, आणि बोलून विचारायची सोय. पुढच्या वर्षी त्यात व्हॉट्सअॅप आलं. काकूंना त्यातलं एकच आवडलं, आवाज पाठवणं. बटण दाबून धरा, बोला, सोडा. मुलाला रोज रात्री दोन मिनिटांचा निरोप जायचा, त्यात डबे किती गेले इथपासून कुठली कादंबरी वाचतेय इथपर्यंत सगळं. तो तिकडं गाडी चालवताना ऐकायचा. यादी नाही, इंग्रजी नाही, चौकोन नाहीत.

काकू २०२१ मध्ये गेल्या. त्यांच्या मुलाकडं ते निरोप अजून आहेत.

आता दुकानात उलटी गंमत चालू आहे. स्मार्टफोन वापरणारी साठी-सत्तरीतली माणसं परत साधा फोन मागायला येतात. पोलीस बोलतोय म्हणून व्हिडिओ कॉल येतो आणि खातं रिकामं होतं, अशा बातम्या वाचून घाबरलेली असतात. "बँकेचा नंबर साध्या फोनात टाकून दे, नेट नको." मी टाकून देतो. त्यावरूनही पैसे पाठवता येतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये साध्या फोनांसाठी यूपीआय सुरू केलं, आणि त्यातला एक मार्ग चक्क मिस्ड कॉलचा आहे : दुकानदाराच्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, परत फोन येतो, पिन दाबायचा. काका हयात असते तर हसून हसून लोळले असते. ज्या मिस्ड कॉलनं त्यांचा धंदा बुडवला, त्यावर आता पैसे देता येतात!

मेनू आता मराठीतही मिळतो. परवाच निंबोळी अड्ड्याच्या एका आजींना तसा फोन लावून दिला. त्यांनी चष्मा वर केला, यादीचं नाव वाचलं, "संपर्क". मग मला विचारलं, "हे काय रे, सरकारी कचेरी आहे का?" मी म्हटलं, आजी, ही तुमची नंबरांची वही. "मग वही लिही की," म्हणाल्या. ते बदलायची सोय फोनात नाही. शेवटी जुना छापलेला कागद काढला, वर मोठ्या अक्षरांत 'वही' लिहिलं, आणि पेन हातात घेऊन विचारलं, दोनवर कोण?